खेळाडू सेनापती : जनरल ड्वाइट आयसेनहॉवर

दुसऱ्या महायुद्धातील दोस्त राष्ट्रांचे सरसेनापती आणि पुढे अमेरिकेचे चौतिसावे अध्यक्ष म्हणून जनरल ड्वाइट डेव्हिड आयसेनहॉवर यांचे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु वयाच्या बाविसाव्या वर्षी हा मनुष्य फुटबॉलचा नामांकित होतकरू खेळाडू होता, त्याच खेळाने त्याचा गुडघा कायमचा अधू केला, आणि सैन्यातील उमेदीची कितीतरी वर्षे तोच खेळ त्याच्या पायात बेडीसारखा अडकून राहिला, ही हकीकत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. ती सांगावी असे आम्हांस दोन कारणांनी वाटले. एक तर ती मोठी चटकदार आहे. दुसरे कारण असे की, आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी निम्मेअधिक लोक बदलीच्या नोकरीमुळे या परमुलखात आले. दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड बांधणे व सोडणे म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या सेनापतीच्या संसाराची कथा परकी वाटणार नाही.

आरंभी एक खुलासा करणे अवश्य आहे. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ कोलकात्याच्या मैदानावर किंवा गोव्याच्या गावोगावी खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. त्यातही दोन्ही बाजूंस अकरा-अकरा गडी असतात, पण चेंडू लांबट अंडाकृती असतो, तो पायापेक्षा हातांतच अधिक असतो, आणि चेंडू घेऊन धावणाऱ्याला प्रतिपक्षाचे गडी कवेत धरून जमिनीवर पाडतात. आपल्या वाचकांना कबड्डीतील पकडीची आठवण झाल्यास ती अगदीच अस्थानी ठरणार नाही. आयसेनहॉवर खेळत असत त्या काळी अंगावरची संरक्षक साधने जुजबी असत, आणि हातपाय मोडणे ही नित्याची बाब होती.

१४ ऑक्टोबर १८९० रोजी टेक्सस राज्यातील डेनिसन या गावी ड्वाइटचा जन्म झाला. वडील डेव्हिड यांचे कॅन्सस राज्यातील दुकान बुडाल्यामुळे ते रेल्वेच्या कारखान्यात कामाला म्हणून तिकडे गेलेले होते. मूल जेमतेम दोन वर्षांचे होते न होते तोच कुटुंब परत कॅन्ससमधील अ‍ॅबिलीन या गावी आले आणि तेथेच स्थायिक झाले. वडिलांना लोण्याच्या कारखान्यात यंत्रे सांभाळण्याची नोकरी मिळाली. सात मुलगे झाले, त्यांपैकी एक तान्हेपणीच गेला आणि सहा वाढले. घर लहान, मिळकत बेताची, पण परसात भाजीपाला, गाय, कोंबड्या असत. मुले भाजी विकत, पाळीपाळीने स्वयंपाक करीत. आई आयडा ही अत्यंत धार्मिक वृत्तीची आणि युद्ध हे पाप मानणाऱ्या पंथातली. तिच्या पोटी जगातील सर्वांत मोठ्या आरमारी स्वारीचा सेनापती जन्मावा, हा दैवाचा खेळच म्हणावयाचा.

ड्वाइटचा गुडघा पहिल्यांदा धोक्यात आला तो शाळेत असताना. पडून साधे खरचटले होते, परंतु त्यात विष भिनले आणि पाय सुजून काळानिळा झाला. डॉक्टरांनी पाय कापावा लागेल असे सांगितले. मुलाने साफ नकार दिला, आणि मी शुद्धीवर नसताना कोणी माझा पाय कापू नये म्हणून तू दाराशी पहारा ठेव, असे त्याने थोरला भाऊ एडगर याच्याकडून वचन घेतले. एडगरने ते पाळले. ताप उतरला, पाय वाचला, मात्र शाळेचे एक वर्ष बुडाले. पाय गेल्यावर खेळता येणार नाही, ही त्या वयातली धास्ती त्या नकारामागे होती, असे ते पुढे सांगत. वेडेपणाच तो, पण त्या वेडेपणावर पुढचा इतिहास अवलंबून होता.

१९०९ साली दोघे भाऊ बरोबरच शालान्त शिक्षण संपवून बाहेर पडले. कॉलेजचा खर्च दोघांसाठी एकदम निघणे अशक्य होते. तेव्हा त्यांनी आपसांत ठरविले की, एकाने नोकरी करून दुसऱ्याला शिकवावे आणि नंतर पाळी बदलावी. एडगर कायद्याच्या अभ्यासासाठी मिशिगनला गेला, आणि ड्वाइट वडिलांच्याच कारखान्यात बर्फाच्या लाद्या ओढू लागला, भट्टी पेटवू लागला, अखेर रात्रपाळीचा मुकादम झाला. दोन वर्षे त्याने भावाला पैसे पाठविले. त्याची पाळी मात्र आलीच नाही. एका मित्राने त्याला सरकारी खर्चाने शिक्षण देणाऱ्या आरमारी विद्यालयाची माहिती दिली. चौकशी करता तेथील वयोमर्यादा ओलांडून गेल्याचे कळले. मग सेनेटर ब्रिस्टो यांच्या शिफारशीने वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयात प्रवेश मिळाला. जून १९११ मध्ये मुलगा निघाला तेव्हा आईने हसून निरोप दिला आणि मग खोलीत जाऊन ती रडली. धाकट्या भावाने आईला रडताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

त्याला सैनिक व्हावयाचे होते असे समजण्याचे कारण नाही. फुकट शिक्षण आणि खेळावयास उत्तम मैदान, एवढेच आकर्षण होते. बेसबॉलच्या संघात त्याची निवड झाली नाही, याचे त्याला फार वाईट वाटले. फुटबॉलसाठीही पहिल्या वर्षी अंगयष्टी कमी पडली. वर्षभर त्याने भरपूर खाऊन आणि व्यायाम करून शरीर कमावले. १९१२ च्या मोसमात तो विद्यालयाच्या प्रमुख संघात आला, आणि न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांनी त्याची होतकरू खेळाडू म्हणून दखल घेतली. त्या काळी अमेरिकेत व्यावसायिक संघांना प्रतिष्ठा नव्हती, विद्यापीठांचे आणि लष्करी विद्यालयांचे संघ हेच सर्वश्रेष्ठ मानले जात. म्हणजे त्या वर्षी हा तरुण आपल्या देशातील पहिल्या प्रतीचा फुटबॉल खेळत होता.

९ नोव्हेंबर १९१२ चा सामना या कथेत विशेष महत्त्वाचा आहे. वेस्ट पॉइंटच्या मैदानावर कार्लाइल येथील शाळेचा संघ आला होता. ही शाळा अमेरिकेतील आदिवासी, म्हणजे तेथे ज्यांना इंडियन म्हणत त्यांच्या मुलांसाठी सरकारने एका जुन्या लष्करी छावणीत काढलेली होती. मुलांचे केस कापून, त्यांची भाषा विसरायला लावून त्यांना गोऱ्यांसारखे करावे हा तिचा उद्देश. ज्या साली आयसेनहॉवर जन्मले त्याच सालच्या डिसेंबरात अमेरिकन सैन्याने वूंडेड नी येथे आदिवासींची कत्तल केली होती. त्या सैन्याचे भावी अधिकारी एका बाजूला आणि त्या आदिवासींची मुले दुसऱ्या बाजूला, असा तो सामना होता. कार्लाइलचे शिक्षक पॉप वॉर्नर हे अशा गोष्टींची आठवण खेळाडूंना देण्यास चुकत नसत.

कार्लाइलकडून जिम थॉर्प खेळत होता. त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोमच्या ऑलिंपिक सामन्यांत त्याने दोन सुवर्णपदके मिळविली होती, आणि जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून त्याचे नाव सर्वतोमुखी झाले होते. थॉर्पला कसेही करून मैदानाबाहेर घालवावयाचे असा वेस्ट पॉइंटच्या गड्यांचा बेत होता. आयसेनहॉवर व त्याचा एक सहकारी या दोघांनी मिळून त्याच्यावर झेप घेतली. थॉर्प ऐन क्षणी थबकला आणि हे दोघे एकमेकांवरच आदळले, असे सांगतात. दोघांनाही बाहेर काढावे लागले. कार्लाइलने २७ विरुद्ध ६ अशा गुणांनी सामना जिंकला. पुढे जगाचे मोठमोठे पुरुष पाहिलेल्या आयसेनहॉवर यांनी थॉर्पचे नाव आयुष्यभर कौतुकाने घेतले.

येथे थोडे विषयांतर. दुसऱ्याच वर्षी थॉर्पची पदके काढून घेण्यात आली, कारण पूर्वी त्याने थोडक्या पैशांसाठी बेसबॉल खेळले असे उघडकीस आले. ती परत मिळण्यास १९८२ साल उजाडले, आणि एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा लागण्यास तर २०२२. इकडे युद्ध जिंकून परतलेल्या आयसेनहॉवर यांनी १९४५ साली सहज बोलता बोलता सांगून टाकले की, तरुणपणी आपणही खोटे नाव घेऊन पैशांसाठी बेसबॉल खेळलो होतो. नंतर त्यांनी हा विषय कटाक्षाने टाळला. एकाच दोषाबद्दल एकाचे आयुष्य उद्ध्वस्त झाले आणि दुसऱ्याला कोणी विचारलेही नाही. यात आयसेनहॉवर यांचा अपराध नसेल, पण न्यायाचा तराजू सर्वांसाठी सारखा नव्हता हे आम्ही येथे नमूद करून ठेवतो.

पुढच्याच आठवड्यात टफ्ट्स कॉलेजाविरुद्ध खेळताना त्याचा गुडघा मुरगळला. काही दिवस दवाखान्यात काढून तो बाहेर आला तो घोडेस्वारीच्या कवायतीला हजर झाला. धावत्या घोड्यावरून उडी मारताच तोच पाय दुमडला आणि गुडघ्यातील स्नायुबंध तुटले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की, आता फुटबॉल बंद.

त्यानंतरचे महिने फार निराशेचे गेले. अभ्यासातले लक्ष उडाले, सिगारेटी वाढल्या, शिक्षा होऊ लागल्या. विद्यालय सोडून जावे असे त्याच्या मनाने घेतले होते. मित्रांनी पुन्हा पुन्हा समजूत घातली म्हणून तो राहिला. मग कोणीतरी त्याला कनिष्ठ संघाला शिकविण्यास सुचविले. पाय चालत नव्हता, पण डोळे आणि डोके चालत होते. कोणता गडी कोठे उभा करावा, कोणाला रागवावे आणि कोणाला चुचकारावे, हे त्याला उत्तम साधते असे सर्वांच्या ध्यानात आले. सेनापतीचे शिक्षण व्याख्यानांच्या खोलीत फारसे झालेच नाही, ते मैदानाच्या कडेला उभे राहून झाले, असे आम्हांस वाटते.

१९१५ साली १६४ जणांत एकसष्टावा येऊन तो उत्तीर्ण झाला. या वर्गातील ५९ जण पुढे जनरलच्या पदाला पोहोचले. ओमर ब्रॅडली आणि जेम्स व्हॅन फ्लीट हे फुटबॉलपटू त्याच वर्गातले. पण आयसेनहॉवरला नेमणूक मिळते की नाही याचीच शंका होती. अधू गुडघ्याचा अधिकारी उद्या निवृत्तिवेतनाचा बोजा होईल, असे वैद्यकीय अधिकाऱ्यांचे मत पडले. तेव्हा त्याने नेमणूक न मिळाल्यास अर्जेंटिनाला जाऊन नशीब काढावे असा विचार केला आणि तेथील प्रवासाची माहितीपुस्तकेही मागविली. अखेर घोडदळ मागणार नाही या अटीवर त्याला पायदळात घेण्यात आले.

पहिली नेमणूक टेक्ससमधील सॅन अँटोनिओ येथे. तेथे मॅमी डाउड ही डेन्व्हरच्या सुखवस्तू घरातील मुलगी भेटली, आणि १ जुलै १९१६ रोजी विवाह झाला. परंतु या गावी आणखी एक गोष्ट सुरू झाली. तेथील एका लष्करी शाळेला फुटबॉलचा शिक्षक हवा होता आणि मोसमाचे दीडशे डॉलर ती देणार होती. त्याने आधी नकार दिला, पण जनरल फन्स्टन यांनी स्वतः सुचविल्यावर नाही म्हणता येईना. दुसऱ्या वर्षी कित्येक वर्षांत एकही सामना न जिंकलेल्या एका कॉलेजाच्या संघाला त्याने ओळीने सामने जिंकून दाखविले. झाले. संघ घडविणारा अधिकारी अशी त्याची कीर्ती सैन्यभर पसरली, आणि अशी कीर्ती सोयीची असतेच असे नाही. ज्याला पेटी चांगली वाजविता येते त्याला प्रत्येक कार्यक्रमात पेटीच वाजवावी लागते, गावयास कोणी सांगत नाही. आपल्या मंडळातील काहींना याचा अनुभव असेल.

पहिल्या महायुद्धात त्यांना फ्रान्सच्या आघाडीवर जावयाचे होते. वरिष्ठांनी त्यांना गेटिसबर्ग येथील छावणीत रणगाडा पथके तयार करण्याच्या कामावर ठेवले. १८ नोव्हेंबर १९१८ रोजी जहाजावर चढण्याचा हुकूम हाती आला, आणि ११ नोव्हेंबरलाच युद्ध संपले. सहाध्यायी पदके लावून परत आले, यांनी मात्र तोफेचा एक आवाज ऐकला नव्हता.

त्यानंतर मेरिलँडमधील मीड छावणी. शेजारी जॉर्ज पॅटन यांचे बिऱ्हाड होते. दोघे मिळून रणगाड्यांचा अभ्यास करीत, आणि आयसेनहॉवर अर्थातच पथकाच्या फुटबॉल संघाला शिकवीत. त्यांचा तीन वर्षांचा मुलगा डाउड, लाडाने त्याला आयकी म्हणत, हा सगळ्या पथकाचा लाडका. सैनिकांनी त्याला आपल्यासारखा छोटा गणवेश शिवून दिला होता आणि फुटबॉलच्या सरावाला ते त्याला घेऊन जात. १९२० च्या नाताळच्या सुमारास घरात कामाला आलेल्या मुलीकडून त्याला लोहितांग ज्वर जडला. त्या काळी त्यावर औषध नव्हते. संसर्गाच्या भीतीने बापाला खोलीत जाऊ देत नसत, बाहेरच्या ओसरीवरून काचेतून तो मुलाला पाहत असे. २ जानेवारी १९२१ रोजी मूल गेले. नाताळासाठी आणलेली लाल तीनचाकी तशीच झाडाखाली राहिली. त्यानंतर दरवर्षी आयकीच्या वाढदिवशी, २४ सप्टेंबरला, ते मॅमींना फुले पाठवीत. सरसेनापती असताना आणि अध्यक्ष असतानाही हा नेम चुकला नाही.

पनामात जनरल फॉक्स कॉनर यांच्या हाताखाली जी दोन-तीन वर्षे मिळाली, त्यांनी या खचलेल्या माणसाला पुन्हा उभे केले. कॉनर यांनी त्यांच्याकडून लष्करी इतिहास वाचवून घेतला, रोज वादविवाद केला, आणि पुढचे महायुद्ध अटळ आहे व ते मित्रराष्ट्रांच्या संयुक्त सेनापतित्वाखालीच लढावे लागेल, हे त्यांच्या मनावर ठसविले. १९२२ साली दुसरा मुलगा जॉन जन्मला. परंतु १९२४ च्या शरदात तातडीचा हुकूम आला की, मीड छावणीत परत या. कशासाठी? तर फुटबॉलच्या संघाला शिकविण्यासाठी! चौतीस वर्षांचा मेजर, ज्याला उच्च अधिकाऱ्यांच्या विद्यालयात जाण्याची तळमळ लागली होती, तो पुन्हा शिटी घेऊन मैदानावर उभा राहिला. संघही फारसा चमकला नाही. अर्ज केला तो फेटाळला गेला. शेवटी कॉनर यांनी युक्ती केली. त्यांची बदली पायदळाच्या कचेरीच्या कक्षेबाहेर, सैन्यभरतीच्या खात्यात करवून घेतली आणि त्या वाटेने लेव्हनवर्थच्या विद्यालयात प्रवेश मिळवून दिला. १९२६ साली तेथून ते पहिल्या क्रमांकाने बाहेर पडले. बढती मात्र आली नाही. १९२० साली जे मेजर होते ते १९३६ पर्यंत मेजरच राहिले. सोळा वर्षे! दरम्यान पॅरिस झाले, वॉशिंग्टन झाले, मॅकार्थर यांच्या हाताखाली मॅनिला झाले. प्रत्येक ठिकाणी मॅमींनी पडदे शिवावे, दोन झाडे लावावी आणि फुले येण्यापूर्वी सामान बांधावे. स्वतःचे असे घर नव्हतेच.

१९४१ साली लुइझियानातील मोठ्या युद्धसरावात त्यांच्या योजनांचे कौतुक झाले आणि ते ब्रिगेडियर जनरल बनले. डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला. एका आठवड्यात जनरल मार्शल यांनी त्यांना वॉशिंग्टनला बोलावून घेतले. पुढची अडीच वर्षे म्हणजे वादळच होते. मार्च १९४२ मध्ये वडील वारले. अंत्यविधीला जाणे शक्य नव्हते. त्यांनी कचेरीचे दार अर्धा तास बंद करून घेतले, आणि मग पुन्हा काम सुरू केले. गावाकडून तार येते आणि गाडी वेळेवर मिळत नाही, हे दुःख ज्यांनी भोगले आहे त्यांना त्या अर्ध्या तासाचा अर्थ सांगावा लागणार नाही.

नोव्हेंबर १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या स्वारीचे ते सेनापती झाले. ज्याने कधी लढाई पाहिली नव्हती त्याला आरंभी ठेचा लागल्याच. कॅसेरीनच्या खिंडीत अमेरिकन सैन्याने मार खाल्ला. पण मे १९४३ मध्ये ट्युनिशियात जर्मन सेनापती फॉन आर्निम शरण आला, आणि तो शरण आला आपल्या चौथ्या भारतीय डिव्हिजनपुढे. सप्टेंबरात त्यांच्याच आधिपत्याखाली इटलीची मोहीम सुरू झाली. तिच्यात आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर मराठा पलटणही उतरली होती. पुढे आयसेनहॉवर तेथून इंग्लंडला गेल्यावर, त्याच मोहिमेत नाईक यशवंत घाडगे यांनी प्राण देऊन आणि नामदेव जाधव यांनी जखमी अवस्थेत साथीदारांना वाचवून व्हिक्टोरिया क्रॉस मिळविले.

डिसेंबर १९४३ मध्ये त्यांची युरोपातील सर्वोच्च पदी नेमणूक झाली. त्यांच्यापेक्षा लढाईचा अनुभव अधिक असलेले सेनापती पुष्कळ होते. पण सगळ्यांना एका दावणीला बांधील असा दुसरा नव्हता. माँटगोमेरी यांना स्वतःशिवाय कोणाचे पटत नसे. पॅटन यांनी सिसिलीत दवाखान्यातील आजारी सैनिकांना थपडा मारल्या. आयसेनहॉवर यांनी त्यांना माफी मागावयास लावली, कडक समज दिली, पण घरी पाठविले नाही, कारण असा धावणारा गडी दुसरा मिळणार नव्हता. चर्चिल आणि द गॉल यांचे रुसवेफुगवे निराळेच. मैदानाच्या कडेला उभे राहून शिकलेली विद्या ती हीच. तिची किंमतही मोजावी लागे. १९४४ च्या डिसेंबरात जर्मनांनी आर्डेन्समध्ये अचानक मुसंडी मारली, तेव्हा उत्तरेकडील अमेरिकन फौजा त्यांनी माँटगोमेरींच्या हाती दिल्या, आणि वर्गमित्र ब्रॅडली यांनी संतापून राजीनाम्याची भाषा केली. मैत्री आणि निर्णय यांत त्यांनी निर्णय निवडला. सुदैवाने मैत्रीही टिकली.

नॉर्मंडीच्या स्वारीचा दिवस ५ जून १९४४ ठरला होता. वादळामुळे तो एक दिवस पुढे ढकलावा लागला. हवामानतज्ज्ञ स्टॅग यांनी थोड्या वेळाची उघडीप मिळेल असे सांगितले. आणखी लांबविले तर भरतीची अनुकूल वेळ पुन्हा येण्यास दोन आठवडे लागणार होते. हवाई दलप्रमुख ली-मॅलरी यांना छत्रीधारी सैनिकांची भयंकर हानी होईल अशी भीती होती. निर्णय एकट्याने घ्यावयाचा होता, आणि तो त्यांनी घेतला. त्या दिवशी दुपारी त्यांनी एका चिठोऱ्यावर चार ओळी लिहून खिशात ठेवल्या. स्वारी फसली तर प्रसिद्ध करण्याचे ते निवेदन होते आणि त्यात सर्व दोष त्यांनी स्वतःकडे घेतला होता. मन इतके भारावलेले होते की, त्यावर जूनऐवजी जुलै महिना पडला. संध्याकाळी ते छत्रीधारी पोरांना भेटावयास गेले, कोण कोठल्या गावचा ते विचारीत फिरले, आणि विमाने निघून जाईपर्यंत उभे राहिले. ६ जूनच्या एका दिवसात दीड लाखांहून अधिक सैनिक फ्रान्सच्या भूमीवर उतरले. चिठोरा कामी आला नाही. कित्येक आठवड्यांनी खिशात सापडला तेव्हा त्यांच्या मदतनिसाने तो जपून ठेवला. त्यांच्या साऱ्या चरित्रात आम्हांला सर्वांत मोलाचा कागद तोच वाटतो. ७ मे १९४५ रोजी फ्रान्समधील ऱ्हीम्स येथे जर्मनांनी शरणागती लिहून दिली.

पुढचा भाग सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. कोलंबिया विद्यापीठाचे ते अध्यक्ष झाले. तेथील फुटबॉलचे जुने शिक्षक लू लिट्ल दुसऱ्या विद्यापीठात निघाले होते, त्यांना गळ घालून थांबविणे हे त्यांनी तेथे केलेले पहिल्या कामांपैकी एक. १९५३ ते १९६१ अशी आठ वर्षे ते देशाचे अध्यक्ष होते. कोरियातील लढाई थांबविली, सुएझच्या प्रकरणात इंग्लंड-फ्रान्सची बाजू घेतली नाही, लिट्ल रॉक येथे काळ्या मुलांना शाळेत जाता यावे म्हणून सैन्य पाठविले, आणि जाता जाता शस्त्रांच्या धंद्याचा राज्यकारभारावर पडणारा प्रभाव ओळखून देशाला सावध केले. इराण व ग्वातेमालातील सरकारे गुप्तपणे उलथविण्यासही त्यांनीच संमती दिली होती, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १९५४ साली पाकिस्तानला शस्त्रे देण्याचे त्यांनी ठरविले तेव्हा भारतात मोठा क्षोभ झाला होता. त्याच वर्षी त्यांनी सही केलेल्या पी. एल. ४८० या कायद्याखाली आलेला गहू आपल्या वडीलधाऱ्यांनी रेशनच्या रांगेत उभे राहून घेतला आहे.

पंडित नेहरूंशी त्यांचे मतभेद होते, पण स्नेहही जमला. डिसेंबर १९५६ मध्ये नेहरू अमेरिकेस गेले तेव्हा आयसेनहॉवर त्यांना गेटिसबर्गच्या आपल्या शेतावर घेऊन गेले आणि तेथे दोघांनी निवांत बोलणी केली. डिसेंबर १९५९ मध्ये ते भारतात आले. अधिकारावर असताना भारतात आलेले ते पहिले अमेरिकन अध्यक्ष. पालमपासून राष्ट्रपती भवनापर्यंत इतकी गर्दी लोटली की मोटारी पुढे सरकेनात, आणि नेहरू स्वतः खाली उतरून लोकांना मागे सारू लागले. रामलीला मैदानावर अफाट सभा झाली. त्यांनी कृषी प्रदर्शन पाहिले, ताजमहाल पाहिला, आग्र्याजवळच्या एका खेड्यालाही भेट दिली. दिल्लीतील जुन्या मराठी बिऱ्हाडांतून त्या दिवसांच्या आठवणी पुढे पुष्कळ वर्षे निघत असत.

गेटिसबर्गचे ते शेत त्यांनी १९५० साली घेतले. लग्नाला चौतीस वर्षे झाल्यावर मॅमींना मिळालेले ते पहिले आणि एकमेव स्वतःचे घर. अध्यक्षपद सोडल्यावर दोघे तेथे राहावयास गेले. १९५५ सालापासून हृदयविकाराने त्यांना गाठले होते, गुडघाही अधूनमधून छळत असे, तरी गोल्फ सुटले नाही. फुटबॉल खेळलेला मनुष्य पुढारीपणाला सहसा कमी पडत नाही, असे मत त्यांनी आठवणींच्या पुस्तकात नोंदविले आहे. त्यांचा गुडघा ज्या सरकारी डॉक्टरांनी तपासला होता त्यांचे याबाबत काय मत होते, ते त्यात नाही.

२८ मार्च १९६९ रोजी वॉशिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. आगगाडीने शव अ‍ॅबिलीनला नेण्यात आले. साध्या सैनिकाला मिळते तशा ऐंशी डॉलरच्या पेटीत, लष्करी गणवेशात, त्यांना लहानपणच्या घरासमोरील छोट्या प्रार्थनामंदिरात पुरले. आयकीची शवपेटी तीन वर्षांपूर्वीच त्यांनी तेथे आणून ठेवविली होती. १९७९ च्या नोव्हेंबरात मॅमीही तेथे आल्या.